चष्मे काढा, फोटो आहे

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात माझी सगळी नोकरी गेली. तिथे प्रत्येक पंपाला, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबराची पत्र्याची पाटी असते. पाटी नसलेली वस्तू मला आजही अनाथ वाटते. निवृत्त झाल्यावर मी घरातल्या मसाल्याच्या डब्यांना नंबर चिकटवले होते. बायकोने ते तिसऱ्या दिवशी काढले आणि म्हणाली, ‘अहो, बाहेर काहीतरी काम बघा.’

म्हणून मी नाशिकरोडच्या एका सेवाभावी क्लबात गेलो. तिथे मला वर्षभरात सेक्रेटरी केलं, कारण ते पद कुणालाच नको होतं. आमचे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी, मनाने अत्यंत भला माणूस. पण कार्यक्रम कोणताही असो, फोटो काढण्याआधी ते ओरडणार, ‘चष्मे काढा! काचा चमकतात!’ पूर्वी एकदा पेपरात आमचा फोटो छापून आला होता, त्यात सगळ्या कार्यकारिणीच्या डोळ्यांच्या जागी पांढऱ्या चकत्या होत्या. तेव्हापासूनचा हा नियम. आमच्या क्लबाच्या जुन्या फोटोंत सगळे मान्यवर डोळे बारीक करून, भलतीकडेच बघत उभे असलेले दिसतील.

ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावात आमच्यासारखाच एक क्लब आहे. ते लोक घरोघर जाऊन वापरलेले चष्मे गोळा करतात, धुतात, मशीनवर नंबर तपासतात आणि एकेक चष्मा कागदी पाकिटात घालून वर नंबर लिहितात. असे तीन खोके त्यांनी आम्हाला पाठवले. अट एकच होती. चष्मे कुणाला मिळाले त्याचे फोटो आणि अहवाल पाठवायचा. अहवाल म्हटल्यावर माझ्या अंगात एकलहरं संचारलं. मी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या, त्यावर ठळक अक्षरात लिहिलं, ‘लाभार्थी क्रमांक’, आणि पुढे आकडा. प्रत्येकाने ती छातीशी धरून फोटो काढून घ्यायचा.

शिबिर येवल्याला एका मंगल कार्यालयात झालं. एकतिसाव्या नंबरला साठीच्या एक मावशी आल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या घरच्या मागावर पैठणी विणत होत्या. डॉक्टरांनी वाचायला पेपर पुढे केला तर म्हणाल्या, ‘मला वाचता येत नाय,’ आणि कमरेच्या पिशवीतून रेशमाचा गुंता काढला. ‘याच्यातलं टोक दिसलं म्हंजी झालं.’

मागावर एक साडी अर्धवट अडकली होती. पदरावर मोर आले होते, पण मोराचे डोळे विणता येत नव्हते. ज्या व्यापाऱ्याने रेशीम दिलं होतं तो निरोप पाठवून थकला होता. लग्नसराईच्या आत साडी झाली नाही तर तो रेशीम उचलून दुसऱ्या घरी देणार होता. ‘एकदा काम दुसऱ्या घरी गेलं का परत येत नाय, साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘माग बंद पडला तर मी दिसभर बसून काय करू?’

डॉक्टरांनी पाकिटं चाळून जाड तपकिरी काड्यांचा एक चष्मा काढला. मावशींना टोक दिसलं, पण तुटक. ‘नंबर थोडा जास्त आहे, पण यापेक्षा जवळचा खोक्यात नाही. चालवून घ्या,’ डॉक्टर म्हणाले. मी मावशींच्या हातात पाटी दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. ‘पाटी कशापायी, साहेब? मी काय चोरी केली का?’

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले आणि अध्यक्ष ओरडले, ‘चष्मे काढा! फोटो!’ मी माझा वाचायचा चष्मा, तोही तसल्याच जाड तपकिरी काड्यांचा, काढून टेबलावर ठेवला. मावशींनाही कुणीतरी उभं केलं, त्यांनीही त्यांचा ठेवला. पाहुण्यांच्या तीन-चार कोनांतून छब्या काढून झाल्यावर आम्ही आपापले चष्मे उचलले. मावशींनी पुन्हा गुंता डोळ्यांपुढे धरला आणि ओरडल्याच, ‘आत्ता गं बाई! आत्ता लय साफ दिसतंय!’

‘डोळ्यांना सवय होतेय,’ डॉक्टर समाधानाने म्हणाले.

मी रजिस्टर पुढे ओढलं. तर अक्षरं काळीभोर, टपोरी. मला वाटलं, नवीन पेन चांगलं निघालं. पुढे पेपरातल्या छोट्या जाहिरातीही वाचता यायला लागल्या. माझ्या डोळ्यांचा नंबर बदललाय, तपासून घ्या, असं बायको वर्षभर मागे लागली होती. मी तिला विजयाने सांगितलं, की हा रोजच्या दुधीच्या रसाचा परिणाम आहे. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या चौघांनी तो रस सुरू केला. एकाला तो सोसला नाही, तरी त्याने चिकाटी सोडली नाही.

दीड महिन्याने अहवालाचे फोटो काढायला आम्ही पुन्हा येवल्याला गेलो. अध्यक्ष, मी, आणि ‘मला फक्त पैठण्या बघायच्यात, घ्यायच्या नाहीत’ असं म्हणत गाडीत बसलेली माझी बायको. मावशींच्या घरात माग चालू होता. पदर जवळजवळ पुरा होत आला होता. अध्यक्षांनी मोबाइल उगारला आणि सवयीने म्हणाले, ‘चष्मा काढा, मावशी.’ चष्म्याच्या शिबिराचा फोटो! पण मावशींनी चष्मा काढला आणि धरायला माझ्या हातात दिला.

काडीच्या टोकाला दातांच्या बारीक खुणा होत्या. माझ्या नातीला दात येत होते तेव्हा तिने माझ्या चष्म्याची काडी चावली होती. त्याच या खुणा. मी माझ्या नाकावरचा चष्मा काढून पाहिला. काडी गुळगुळीत. दीड महिना मी परक्याचा चष्मा लावून हिंडत होतो आणि श्रेय दुधीला देत होतो.

मी अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगितलं. ते गंभीर झाले. ‘अदलाबदल करा. परदेशी क्लबाला आपण त्यांचा चष्मा म्हणून तुमचा दाखवायचा? ही फसवणूक होईल.’

मी मावशींना शक्य तितकं सौम्यपणे सांगितलं, की चष्मे चुकून बदललेत, जरा हा लावून बघा. त्यांनी तो लावला, मागावर वाकल्या आणि लगेच काढला. ‘धागं तुटक दिसत्यात.’ मग माझ्या हातातला चष्मा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. ‘परत न्यायला आलात काय, साहेब? शेवटल्या मोराचा एक डोळा राहिलाय हो.’

मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या समाजसेवेत माझ्याकडे कुणी असं घाबरून पाहिलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत बायको पुढे झाली. ‘मावशी, तुमच्याकडेच राहू द्या तो. ह्यांना काय, दुधीच्या रसानंही दिसतं.’ मी चष्मा सोडला. मावशींनी तो घातला आणि आम्ही बघत असताना शेवटच्या मोराचा डोळा पुरा केला.

फोटो निघाला, चष्म्यासकट आणि पाटीसकट. अहवालात मी लिहिलं, ‘आपण पाठवलेल्या चष्म्यामुळे एका विणकर भगिनीचा माग पुन्हा सुरू झाला.’ खरं लिहायचं म्हटलं तर दोन पानं झाली असती. अध्यक्षांनी दोनदा वाचलं, सुस्कारा सोडला आणि सही केली.

महिन्याभराने तिकडून मेल आला. त्यांच्या क्लबातल्या एका वृद्ध बाईंनी तो लिहिला होता. फोटोतला चष्मा पाहताच त्यांनी ओळखला म्हणे. तो त्यांच्या नवऱ्याचा. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, दोन वर्षांपूर्वी गेला. नवरा-बायकोचे चष्मे सारखेच होते, अदलाबदल होऊ नये म्हणून त्याने स्वतःच्या चष्म्याच्या उजव्या काडीला आतून कानशीने दोन रेघा मारल्या होत्या. तो आयुष्यभर बारीक कामाकडे वाकून बसला, आता त्याच्या चष्म्यातून कुणी रेशमाचे मोर विणतंय, हे पाहून आपण खूप रडलो, असं त्यांनी लिहिलं होतं.

हे सगळं मी त्याच चष्म्यातून वाचत होतो. काढून उजवी काडी उलटी केली. आत दोन रेघा होत्या.

मला लाज वाटली, आणि का कोण जाणे, त्या न पाहिलेल्या घड्याळजीबद्दल माया वाटली. अध्यक्ष म्हणाले, ‘बाई सुखी आहेत, आता कशाला उकरता?’ पण मला राहवेना. मी ती दोन पानं लिहिली. फोटो, टेबल, नातीचे दात, दुधी, सगळं. मावशी माझ्या चष्म्यातून मोर विणतात आणि तुमच्या नवऱ्याचा चष्मा माझ्या नाकावर आहे, क्षमा करा.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. बाई रागावल्या नव्हत्या. उलट माझ्यामुळे आपण बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसलो, असं म्हणत होत्या. फक्त एक विनंती होती. त्यांच्या नोंदीसाठी चष्मा मिळालेल्या माणसाचा फोटो हवा होता. इतरांचा आहे तसाच, हातात पाटी घेतलेला.

शिबिरात सेहेचाळीस लाभार्थी झाले होते. पुठ्ठा कापून मी माझ्या हाताने सत्तेचाळीस लिहिलं. अध्यक्षांनी मोबाइल उगारला, ‘चष्मे...’ म्हणून सुरुवात केली आणि जीभ चावली. मी खुर्चीत पाटी छातीशी धरून बसलो. ती किती उंच धरावी कळेना. चेहरा कसा ठेवावा तेही कळेना. हसावं तर कशाला, न हसावं तर गुन्हेगार दिसतो. बायको मागून म्हणाली, ‘बघा, तुम्हाला नंबर किती शोभतो.’ एवढ्या सेहेचाळीस माणसांना मी असं बसवलं होतं आणि एकालाही विचारलं नव्हतं.

त्या फोटोची एक प्रत घेऊन मी येवल्याला गेलो. मावशींची ती साडी वेळेत पुरी होऊन गेली होती, मागावर दुसरी चढली होती. त्यांनी हात पुसले, माझा जुना चष्मा नीट बसवला आणि फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

‘साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही काय चोरलं व्हतं?’

‘चष्मा,’ मी म्हणालो.

मग त्या हसल्या. मी त्या दिवशी हसलो होतो त्याहून मोठ्याने.