एक्कावन्न हजारांचा प्रदर्शनीय सामना

१४ फेब्रुवारी, दुपारी साडेचार. रक्कम एक्कावन्न हजार रुपये. दिलेली नव्हे, माइकवरून जाहीर केलेली. व्यासपीठावर हजर: ज्यांचा वाढदिवस होता ते आमच्या भागातले पुढारी, म्हणजे साहेब, त्यांचे पाच कार्यकर्ते, महिला फुटबॉल क्लबचे मालक आणि आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचा खजिनदार म्हणून मी.

न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात मी हिशेब पाहतो. त्या हंगामापुरता घराचा वरचा मजला क्लबला भाड्याने दिला होता. तेवीस मुली, बहुतेक मणिपूर, ओडिशा आणि झारखंडच्या. लीग व्यावसायिक, त्यामुळे करार होते, पगार होते, परगावी सामने होते. करारात रोज माणशी तीन अंडी लिहिली होती, येत एक. पहिल्या आठवड्यात मी क्लबच्या मॅनेजरला विचारले, तर तो म्हणाला, "काका, तुम्ही भाडं मोजा, अंडी कशाला मोजता?" मी तरीही मोजली.

त्यांच्यात झारखंडची एक एकोणीस वर्षांची बचावपटू होती. डाव्या बाजूने खेळायची. पहिले सहाही सामने ती पूर्ण खेळली. पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या मोठ्या क्लबने तिला निरोप पाठवला होता आणि ही गोष्ट तिने माझ्या बायकोला सांगितली होती, मालकाला नाही.

आमच्याकडे भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात अंडरआर्म क्रिकेटचे सामने भरतात, साहेबांच्या वाढदिवसाचा चषक. यंदा मालकांच्या डोक्यात आले की अंतिम सामन्याआधी मुलींचा गावच्या पोरांशी प्रदर्शनीय सामना ठेवावा. मालकांचे ट्रक साहेबांच्या आशीर्वादाने चालतात, म्हणून हा नजराणा. तीन दिवसांनी मुलींचा लीगचा सामना होता. प्रशिक्षक नको म्हणाले. मालकांनी त्यांना सुनावले, "साहेबांना काय उत्तर देऊ? तुम्ही देता का?"

शेतात कापलेल्या भाताची धसकटे होती. दरवर्षी असतात, क्रिकेटला मधली पट्टी साफ केली की चालते. मैदानावर रोलर फिरवायला चार हजार सांगितले होते. तो खर्च मी कापला. अनावश्यक, असे वहीत लिहूनही ठेवले.

साहेब दीड तास उशिरा आले. तोवर मुली उन्हात रांगेत उभ्या होत्या. मग साहेबांना हार, त्यांच्या हातून मुलींना शाल, श्रीफळ, फोटो. सुरू होऊन बारा मिनिटे झाली होती, तेव्हा ती मुलगी वळली आणि तिचा बूट धसकटांत अडकला. पाय तिथेच राहिला, ती फिरली. मी धावत गेलो तर ती शांतपणे म्हणाली, "अंदर से आवाज आया, अंकल."

बर्फ होता, पण तो पाहुण्यांच्या थंड पेयांच्या पिंपात. माझ्या बायकोने कोणाला न विचारता पिंपात हात घालून बर्फ काढला आणि पदरात बांधून गुडघ्यावर धरला. एक कार्यकर्ता म्हणाला, "वहिनी, साहेबांचं सरबत अजून व्हायचंय." तिने वर पाहिलेसुद्धा नाही. डीजे सुरूच होता. त्यातच साहेबांनी मुलींच्या संघाला एक्कावन्न हजारांचे बक्षीस जाहीर केले आणि जाहीर झालेल्या पैशांसाठी टाळ्या वाजल्या. मुलीला दोघींनी खांद्यावर धरून फोटोला उभे केले. "एकच फोटो," मालक म्हणाले.

गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. शस्त्रक्रिया लवकर झाली तर पुन्हा खेळता येईल, डॉक्टर म्हणाले. पनवेलच्या एका धर्मादाय रुग्णालयाने पंच्याऐंशी हजार सांगितले. विमा मिळेना, कारण तो लीगच्या सामन्यांचा आणि सरावाचा होता. मालक म्हणाले, "ती स्वखुशीने खेळली." साहेबांच्या कार्यालयात मी चार वेळा गेलो. बक्षिसाचे विचारले की चहा यायचा. तिच्याशिवाय संघ पुढचे चार सामने हरला आणि मॅनेजरने तिचा पगार दुखापतीच्या दिवसापर्यंतच धरला.

मार्चच्या शेवटी देवळात मंडळाचा हिशेब वाचायचा होता. आमच्या गावात हिशेब वाचून मंजूर होईपर्यंत कोणी उठत नाही, पुढारीही नाही. त्या दिवशी साहेबांचा खास माणूस पुढेच बसला होता. मी वाचले: जमा दोन लाख सेहेचाळीस हजार. मंडप बासष्ट हजार, डीजे पंचेचाळीस, पाहुण्यांचे जेवण एक्केचाळीस हजार सहाशे, चषक एकतीस, फलक अठ्ठावीस. शिल्लक अडतीस हजार चारशे. त्याखाली वाचले: जाहीर बक्षीस एक्कावन्न हजार, आले शून्य. रोलर चार हजार, हा खर्च मी कापला.

शिल्लक त्या मुलीच्या शस्त्रक्रियेला द्यावी, असे मी सुचवले. मंडळाच्या पोरांना मात्र शिलकीतून नवा स्पीकर हवा होता. एकाने विचारले, "ती आपल्या गावची हाय का?"

मागून मीठवाल्यांच्या घरातली एक म्हातारी बोलली, "शाल घालताना गावची व्हती ना रं? गुडघा फुटला आन् लगेच परकी झाली?"

"आजी, मंडळाचा नियम न्हाय तसा."

"सरबताचा नियम व्हता का? वाच रं खजिनदारा, सरबताचं किती ते वाच."

मी वाचले. पाहुण्यांच्या जेवणातले बाराशे, फक्त बर्फासकट सरबताचे. बायका हसल्या, पण ते हसणे ऐकायला बरे नव्हते. साहेबांचा माणूस उठू लागला तसा म्हातारीनेच त्याला म्हटले, "बस बाबा, मंजूर न्हाय झाला अजून." शिल्लक मुलीला द्यायची, असे ठरले तेव्हाच हिशेब मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस घरी आला. "दादा, दवाखान्यात पैसे भराल त्याची पावती साहेबांच्या नावाने फाडली तर? नाव काय आणि गुडघा काय, काम झाल्याशी मतलब." मी त्याला दारातूनच परत पाठवले. पाणीसुद्धा विचारले नाही. आमच्या घरात असे याआधी झालेले नाही.

७ एप्रिल. मंडळाकडून अडतीस हजार चारशे. बावीस सहकारी मुलींनी एकेक हजार काढले, ते बावीस हजार. उरलेले चोवीस हजार सहाशे मी भरले. त्यात न फिरवलेल्या रोलरचे चार हजार मी वेगळे लिहिले. साहेबांकडून शून्य, क्लबकडून शून्य. एकूण पंच्याऐंशी हजार रुपये, रुग्णालयाच्या खिडकीवर रोख, पावती त्या मुलीच्या नावाने.