डेन्झिलचं सॉरी

न्यूलिनच्या बंदरावर डेन्झिल प्राऊझला सगळे सभ्य गृहस्थ म्हणत. त्याची धाकटी बहीण मॉर्वेना मात्र त्याला पुरती ओळखून होती. सभ्यपणाच्या नावाने या माणसाकडे सॉरी हा एवढासा शब्द होता, आणि त्याच्यावरच त्याने अख्खा जन्म काढला होता.

अरुंद स्वयंपाकघरात तो घुसला की सॉरी म्हणजे 'बाजूला हो'. पबमध्ये दुसऱ्याचं बोलणं तोडताना सॉरी म्हणजे 'आता माझं ऐका'. वेटरने मासे गार आणले की 'गाढवा, परत ने'. माफी मागायला तेवढा त्याने तो कधी वापरला नाही.

आई अंथरुणाला खिळली. तिचं सगळं मॉर्वेनाने केलं. डेन्झिल राहायला प्लिमथला; नाताळात तेवढा यायचा, केक हाणायचा आणि अंधार पडायच्या आत निघायचा. मॉर्वेनाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आठवडाभर आईपाशी राहशील का, असं तिने त्याला फोनवर विचारलं.

"सॉरी?" तो म्हणाला, जणू ऐकूच आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. "सॉरी, मॉर्वेना." या खेपेला सूर खाली आला. म्हणजे नाही. ऑपरेशन राहिलं, ती लंगडतच आईला उठवत-बसवत राहिली.

आई गेली. बंदरावरची माणसं आली. हात हातात घेऊन ती माणसंही सॉरीच म्हणत होती, पण त्यांचे डोळे ओले होते. डेन्झिल सगळ्यांच्या पुढे दारात उभा राहून ते सांत्वन गोळा करत होता, आईच्या उशाशी तोच बसल्यासारखा. मॉर्वेनाला किळस आली.

चहा झाल्यावर त्याने भिंतीवरच्या पितळी कंदिलाला हात घातला. वडिलांच्या बोटीवरचा तो कंदील.

"सॉरी, पण हा आईने मलाच द्यायचा ठरवला होता."

"सॉरी?" मॉर्वेना म्हणाली.

खोलीतली बोलणी थांबली. त्याला तेच पुन्हा, सगळ्यांदेखत म्हणावं लागलं.

"कधी ठरवलं रे? शेवटी शेवटी तिला तू आठवतसुद्धा नव्हतास. 'आई, तुला एक मुलगाही आहे,' असं मी सांगायची तिला."

त्याने हात काढून घेतला. शेजारच्या ट्रिफिनाने त्याचा कोट आणून दिला.

वसंतात मॉर्वेनाचं ऑपरेशन झालं. ट्रिफिनाने तिची उठबस केली. डेन्झिलचे फोन येत राहिले; तिने एकही उचलला नाही.