दामिनीचे अडकणारे हात

म्हशाजवळच्या वाडीत दामिनीच्या घरी निम्मं बोलणं हातांनीच चालायचं. थोरला भाऊ वाल्मिक जन्मापासून बहिरा. त्याच्यापायी शिकलेल्या खुणांचं पुढं तिनं रीतसर शिक्षण घेतलं आणि आता एका संस्थेसाठी ती घरूनच दुभाष्याचं काम करते. ऐकू न येणारं कुणी दवाखान्यात गेलं, की डॉक्टरांच्या मोबाइलवर दामिनी दिसते. ती त्या माणसाच्या खुणा बोलून सांगते आणि डॉक्टरांचं बोलणं हातांनी.

पण व्हिडिओ मधेच गोठायचा. बोटं अर्ध्या शब्दावर अडकून राहायची. लाइट वरचेवर जायची, पण राऊटरला वेगळी बॅटरी होती, नेट चालूच असायचं, तरीही. एकदा छातीत दुखणाऱ्या एका आजोबांचं सांगणं असंच तुटलं आणि दामिनी रडकुंडीला आली.

"आई, मी कल्याणला खोली बघते. इथं रेंजच धड नाय."

हौसाबाई तांदूळ निवडत होत्या. "बघ गो. तुझं काम अडायला नको. मी राहीन एकटी." त्या रात्री मात्र त्या नीट जेवल्या नाहीत.

वाल्मिक मुरबाडला छापखान्यात कामाला, राहायलाही तिथंच. दुपारच्या सुट्टीत तो बहिणीला व्हिडिओ लावायचा. दुसऱ्या दिवशीही चित्र गोठलं. पुन्हा हललं तेव्हा त्यानं खूण केली, 'तुझ्या मागचा दिवा विझतो, मग तुझे हात थांबतात. दर वेळी असंच.'

दामिनीनं वळून पाहिलं. लाइट आत्ताच जाऊन आली होती. म्हणजे रेंज नव्हे! लाइट गेली की लॅपटॉप चार्जरवरून बॅटरीवर येतो, तिथंच काहीतरी बिनसतंय. तिनं पॉवरच्या सेटिंग्ज उघडल्या. शोधता शोधता वायरलेस अडॅप्टर सापडला. त्याखाली दोन ओळी. चार्जरवर असताना पूर्ण ताकद, बॅटरीवर असताना जास्तीत जास्त बचत. बॅटरी वाचवायला लॅपटॉप वायफायचाच घास काढून घेत होता.

तिनं दुसऱ्या ओळीतही पूर्ण ताकद निवडली आणि मुद्दाम चार्जरची पिन उपटली. वाल्मिक हलतच राहिला. दोन्ही हात वर करून त्यानं पंजे गरागरा फिरवले. खुणांच्या भाषेतल्या त्या टाळ्या बघून दामिनीला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मग खोली?" हौसाबाईंनी दारातूनच विचारलं.

"नाय बघत आता."

हौसाबाई आत वळल्या. त्यांनी वाल भिजत घातले, चांगले दोघींना पुरून उरतील एवढे.

पुढं एका अपडेटनंतर ती ओळ पुन्हा बचतीवर गेली. या वेळी दामिनी घाबरली नाही. थेट तिथंच गेली, बदलली. आता कुठलाही अपडेट झाला, की आधी ती ओळ बघायची, मगच काम, असं तिनं ठरवूनच टाकलंय. त्याच दुपारी लाइट गेलेली असताना शहापूरच्या दवाखान्यातून एका बहिऱ्या गरोदर बाईचा कॉल आला. बाळ हलत नाहीसं वाटत होतं तिला. डॉक्टरांनी तपासलं आणि दामिनीच्या हातांनी तिला न अडखळता सांगितलं, बाळ छान आहे.