तांदळाच्या डब्यातलं घड्याळ

माझ्या बायकोच्या मते मी खुर्चीवर बसलो तरी खिळ्यावर बसल्यासारखाच बसतो. पाय हलतो, बोटं टेबलावर वाजतात, आणि आई, बायको, मुलगी यांपैकी एकीच्या तरी कामात मी लुडबूड करतो. यावर उपाय म्हणून मी मनगटी घड्याळं जोडायला लागलो. अशा बारीक कामाने मन शांत होतं असं मला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्याचा मोहरीएवढा स्क्रू चिमट्यातून उडून आमसुलांच्या ताटात कधी पडलेला नसावा.

छंद म्हणाल तर साधा. केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, एकीकडून मागवायची, डायल दुसरीकडून, चावीचं जुनं मशीन मिळेल तिथून, आणि सगळं जोडून झालं की घड्याळ आपल्या वडिलांच्या काळातलं वाटलं पाहिजे. माझ्या घड्याळांतलं एक पुढे पळतं, दुसरं मागे रेंगाळतं. आई म्हणते, "दोन्ही हातांत दोन घाल आणि मधली वेळ धर."

गेल्या मे महिन्यात मात्र मी जोडत होतो ते घड्याळ थट्टेचं नव्हतं. मुलगी मरीन इंजिनिअर झाली होती आणि पहिल्या जहाजाची वाट बघत घरी बसली होती. या नोकरीत आधी तारीख वगैरे सांगत नाहीत. बॅग भरून ठेवायची, फोन आला की निघायचं. फोन आज येईल की महिन्याने, कुणालाच ठाऊक नाही. वाट ती बघत होती आणि भूक माझी मेली होती.

माझे वडीलही जहाजावर इंजिनरूममध्येच होते. त्यांचं एक काळ्या तबकडीचं घड्याळ होतं. ते गेल्यावर आम्ही ते कपाटात जपून ठेवलं, आणि रत्नागिरीच्या खाऱ्या हवेने ते कपाटात शिरून खाल्लं. मशीन गंजलं, डायलचे पोपडे निघाले. वाचले ते फक्त तीन काटे. त्या काट्यांना बसेल असं मशीन शोधायचं, त्यावर तशीच काळी डायल चढवायची आणि फोन यायच्या आत ते चालतं घड्याळ पोरीच्या हाती द्यायचं, असं मी ठरवलं. आजोबांचे काटे घेऊन ती जाईल, ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती सगळ्यांना दोनदा सांगितली.

"इंजिनरूममध्ये हातात घड्याळ घालत नाहीत, बाबा," मुलगी म्हणाली. "कशात तरी अडकतं. केबिनमध्ये ठेवीन हवं तर."

"तेही खुंटीलाच टांगायचे," आई म्हणाली. "यालाच काय ते ठाऊक नाय."

तरी मी जोडत राहिलो. वाऱ्याने काटे उडतात म्हणून पंखा बंद. मे महिना, पंखा बंद आणि भिंगावर ओघळणारा घाम. घरातल्या कुणी माझ्या टेबलाजवळून जाताना साधा श्वास सोडला तरी मी दचकायचो. फोन वाजला की सगळे बैठकीच्या खोलीत, मी चिमट्यासकट. तो निघायचा बायकोच्या बहिणीचा, देवरूखहून, फणस पाठवू का विचारायला.

शेवटी घड्याळ चालू झालं. मी मागचं झाकण दाबून बसवलं आणि ते मुलीच्या हातात बांधलं. खरंच देखणं दिसत होतं. ती ते घालून मोबाइलच्या दुकानात गेली, तिथल्या एसीत थोडा वेळ उभी राहिली आणि घरी येऊन तिने मनगट माझ्यासमोर धरलं. काचेला आतून धुकं.

"दमट दिवशी झाकण बंद केलंत ना? इथली हवा आत कोंडली. गार ठिकाणी गेल्यावर तिचं पाणी होणारच."

मला ते कळायला हवं होतं. त्याच हवेने वडिलांचं घड्याळ खाल्लं होतं आणि मी तिला नव्या घड्याळात स्वतःच्या हाताने कोंडलं होतं. पण हार मानणारा मी नव्हे. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात, ओल तांदूळ ओढून घेतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मी कुणाला न विचारता घड्याळाचं झाकण उघडलं, ते तसंच रुमालात सैलसर गुंडाळलं आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या मोठ्या डब्यात खोल पुरून आलो. झोपताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

सकाळी डबा उघडला, तर रुमाल सुटून घड्याळ उघड्या पोटाने तांदळात पडलं होतं. चाकांवर पांढरी भुकटी, आणि काटे थांबलेले.

"आई, तांदळाला काय लावलंयस?"

"बोरिक पावडर. पावसाची बेगमी नको करायला? दरवर्षी लावते. टोके-किडे काय तुझ्या भिंगाने शोधू?"

जन्मापासून मी याच डब्यातल्या तांदळाचा भात खात आलोय. पण तांदूळ शिजून ताटात आल्याखेरीज माझा त्यांच्याशी कधी संबंध आला नव्हता. बायको दारात उभी राहून पदर तोंडाशी धरत होती.

"चला," ती म्हणाली, "घड्याळाला आता कीड तरी लागणार नाही."

आणि त्याच सकाळी फोन आला. परवा मुंबईत हजर व्हायचं. म्हणजे उद्या दुपारची गाडी.

मग घरात जे सुरू झालं त्यात माझं काहीच काम नव्हतं. आईने थालीपीठाची भाजणी काढली, बायको बॅगेचं वजन करत होती, मुलगी कागद तपासत होती. मी टेबलाशी बसून घड्याळ सोडवायला घेतलं. पहिल्यांदा काटे काढायचे. सगळ्यांत वर असतो त्या सेकंद काट्याला मी घाईने चिमटा लावला आणि तो मधोमध तुटला. केसाएवढा काटा, आतून गंजलेला, इतकी वर्षं वाचलेला. आवाजसुद्धा झाला नाही.

काटा चिमट्याने ओढायचा नसतो, दोन्ही बाजूंनी खालून हलकेच उचलायचा असतो. मी तो एका बाजूने धरून ओढला होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या सकाळी मला काहीच माहीत नव्हतं.

"अहो, पोर उद्या जाणार," बायको आतून म्हणाली. "आजचा दिवस तरी तिच्याशी बोला."

"बोलतोय ना," मी म्हणालो. बोलत होतो ते स्क्रूशी.

दुपारी मुलगी समोर येऊन बसली. तुटलेला काटा तिने बोटावर घेऊन पाहिला.

"बाबा, उरलेले दोन काटे तरी राहू देत. द्या इकडे."

"बारीक काम आहे, बाळा."

"बाबा, मी इंजिनिअर आहे."

मी चिमटा दिला. तिने मला स्कूटरमधून वाटीभर पेट्रोल काढायला पाठवलं, त्यावर आतून आरडाओरडा झाला, मग वाटी आणि आम्ही दोघं अंगणात. गॅसपासून लांब, आंब्याच्या सावलीत. तिने एकेक चाक काढलं, पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने धुतलं आणि क्रमाने पांढऱ्या कागदावर मांडलं. उडू नये म्हणून प्रत्येकावर भातुकलीची एकेक वाटी उपडी. ती भातुकली तिचीच, माळ्यावरून आईने काढून दिलेली. माझ्या हाती उजेडाला बॅटरी. "इकडे धरा. जरा डावीकडे. हलवू नका ना, बाबा."

मी हलवली नाही. बायको दोनदा बाहेर येऊन बघून गेली, बहुधा माझी तब्येत बरी आहे ना हे पाहायला.

तेलाचे थेंब देऊन तिने सगळं परत बसवलं. चावी दिली. बारीक चाक इकडून तिकडे हलायला लागलं. मग डायल, तास काटा, मिनिट काटा. सेकंद काट्याची जागा रिकामी. मी दुसरा लावू का विचारलं, माझ्या पेटीत पुष्कळ होते.

"नको," ती म्हणाली. "आजोबांचे दोन आहेत, बास." झाकण लावताना तिने एवढंच म्हटलं, "हे आता जहाजावर एसीत उघडून, सुकवून परत बंद करीन. तोवर धुकं तर धुकं."

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर आम्ही गाडीच्या बऱ्याच आधी पोचलो, त्याला जबाबदार मी. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो, डबा कुठे लागेल ते हमालाला विचारलं, मग चहावाल्याला, मग पुन्हा हमालाला. सेकंद काटा नसल्यामुळे घड्याळ चालतंय की नाही ते नुसतं बघून कळत नव्हतं, म्हणून मी सारखा तिच्या मनगटाकडे वाकत होतो. आई बाकावर निवांत. "बस रे मेल्या," ती म्हणाली. "तुझा बापूस बोटीवर जायचा तेव्हा मी असं केलं असतं तर तुला वाढवला कुणी असता?"

गाडी आली. घोषणा, हमाल, दारात बॅगा. मुलगी पायरीवर चढली, वळली आणि तिने मनगट माझ्या कानाला लावलं. त्या कल्लोळात मला काहीएक ऐकू आलं नाही.

"चालू आहे," मी म्हटलं.

"माहितीये," ती म्हणाली. "मीच जोडलंय ना."