लोहाराच्या फळीवरचं वचन

गल्लीतला थोरला लोहार देवभोळा होता आणि नाकावर माशी बसू न देणाराही. हे दोन्ही गुण एकाच माणसात आले की घरच्यांनी जरा जपूनच राहावं. धाकट्या भावाशी त्याचं बिनसलं ते विजेवर चालणाऱ्या घणावरून. धाकट्याला यंत्र हवं होतं. थोरल्याचं म्हणणं, लोखंड हाताला कळतं, यंत्राला काय कळतंय? शब्दाने शब्द वाढला आणि धाकट्याने रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, आपली भट्टी मांडली.

मग थोरल्याने एक लांब फळी घेतली, सळई लाल केली आणि बायबलातल्या यशयाच्या पुस्तकातलं वचन फळीवर डागून काढलं: तुझ्यावर चालवायला घडवलेलं कोणतंही हत्यार चालणार नाही. फळी टांगली ती दुकानाबाहेर, तोंड भावाच्या दाराकडे. देवाचं वचन आणि भावाला टोमणा, दोन्ही एकाच खिळ्यावर! धाकटा रोज सकाळी दार उघडायचा, फळी वाचायचा आणि खाली मान घालून कामाला लागायचा. थोरल्याला वाटायचं, बरी जिरली.

"अहो, वचन आपल्यासाठी असतं की शेजाऱ्याला दाखवायला?" बायको विचारायची.

"देव कुणाच्या बाजूनं आहे ते कळू दे की त्याला!"

दोन वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही.

एका शनिवारी चर्चच्या पाळकांचा निरोप आला. उद्याच्या उपासनेत तुमचं वचन तुम्हीच वाचा, फक्त एक ओळ आधीपासून. थोरल्याची छाती फुगली. ऐरणीशेजारी बसून तो मोठ्याने सराव करू लागला, तर आधीच्या ओळीत कोण निघावा? लोहार! निखारे फुंकून हत्यार घडवणारा लोहार; आणि देव म्हणतो, त्यालाही मीच उत्पन्न केलं.

आपला धंदा पवित्र पुस्तकात आहे, या आनंदात त्याने ती ओळ चारदा वाचली. पाचव्यांदा मात्र त्याचा चेहरा उतरला. हा लोहार तर दुसऱ्यावर चालवायचं हत्यार घडवत होता. धाकट्याने दोन वर्षांत काय घडवलं? कुदळी, कोयते, फाटकांच्या बिजागऱ्या. माणसावर नेम धरून केलेली वस्तू अख्ख्या गल्लीत एकच होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने टांगली होती. देव ज्याला राखतो म्हणाला, तो समोर बसला होता. थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तसाच उठला, फळी उतरवून काखेत मारली आणि रस्ता ओलांडू लागला. जेमतेम बारा पावलं, पण त्याला कोसभर वाटली. भावाने तोंडावर दार लावलं तर? दोन वर्षं गेली ती गेलीच, उरलेलं आयुष्यही असंच जायचं.

धाकटा सांडशीत बिजागरी धरून उभा होता. त्याने फळी पाहिली आणि यंत्र बंद केलं.

"ही तुझ्यावर चालवायलाच घडवली होती," थोरला म्हणाला. "चुकलो मी. देवानं चालू दिली नाही, बरं झालं."

"चालत होती, दादा." धाकट्याचा आवाज बारीक झाला. "रोज सकाळी लागायची. भट्टी विझवून निघून जायचं कितीदा ठरवलं."

"मग गेला का नाहीस?"

"दुपारी वहिनीचा डबा यायचा. रोज. मग म्हणायचो, उद्या जाऊ."

दोन वर्षं मागच्या दाराने डबा जात होता आणि थोरल्याला पत्ताच नव्हता. घरातच भेदी! तो ऐरणीवर बसला आणि रडता रडता हसत सुटला. धाकट्याने सांडशी खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "अगं, मी धार लावायचो आणि तू रोज बोथट करायचीस!"

"मी कसली करतेय?" ती म्हणाली. "तुमच्या भीतीनं डबा तिसऱ्याच दिवशी बंद करणार होते. पण स्वयंपाकाला बसलं की हात एका माणसाचं पीठ जास्तच घ्यायचा. आवरायचाच नाही."