मागचा एसी

आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या एसीतून गॅस गळायचा, त्यामुळे पुढचाही थंड होईना. जळगावचा मेकॅनिक म्हणाला, "मागचा काढूनच टाका." मी भडकलो. मे महिन्यात आबा, म्हणजे माझे वडील, मागेच बसतात. त्यांना काय भाजून काढू? म्हणून दर उन्हाळ्यात मी हट्टाने गॅस भरून घ्यायचो.

यंदा मेकॅनिकने मागची जाळी उघडली, तर आत केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट ठासून भरलेलं!

शेजारी उभ्या आबांनी कानाचा रुमाल सोडला. "मानेवर गार वारा येई. मीच कोंबलं."

"काढा तो एसी!" मी म्हणालो. इतकं हलकं वाटलं, की हसूच फुटलं. "आबा, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेनं गॅस भरायचा. तुझं मन कशाला मोडू?"