तिसऱ्यांदा आलेला स्टार्टर

मी सातवीपर्यंत शिकले. गाडीच्या विजेचं शिक्षण त्यानंतरचं, आणि तेही स्वयंपाकघरात. मिस्टरांचं बिबवेवाडीत स्टार्टर-डायनॅमो दुरुस्तीचं दुकान होतं. वाइंडिंगचं काम, म्हणजे मोटरच्या आतल्या तांब्याच्या तारा-पट्ट्या नव्यानं भरायचं काम, ते सकाळी पिशवीत घालून घरी ठेवून जायचे आणि मी दुपारची भांडी आवरली की करत बसायचे. वार्निश लावलेल्या कॉइली गच्चीवर वाळत घालायच्या, शेजारी कुरडया. एकदा सासूबाईंनी चाखून बघायची कुरडई सोडून भलतंच उचललं होतं, पण ते जाऊ दे. सांगायचं एवढंच की वीस वर्षं नाव मिस्टरांचं होतं आणि हात माझा होता, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

मग मिस्टरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. ‘हं’ आणि ‘नाही’, एवढे दोनच शब्द उरले. मी त्यांना दुकानातल्या खुर्चीत बसवायचे आणि स्वतः टेबलावर कामाला लागायचे.

गाळा मिस्टरांच्या आणि धाकट्या दिरांच्या, दोघांच्या नावावर. तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघत होते. दिरांना वाटे, आपणही गाळा त्यासाठी द्यावा.

“वहिनी, हट्ट सोडा. स्टार्टर म्हणजे काही साडीला फॉल लावणं नाही.”

“फॉल लावणं सोपं असतं असं तुम्हाला कुणी सांगितलं?” मी म्हटलं.

ते हसले, पण मुद्दा सोडला नाही. शेवटी ठरलं ते असं: दिवाळी होईपर्यंत मी दुकान चालवायचं. एकही काम तिसऱ्यांदा दारात आलं नाही तर दुकान माझं. आलं, तर शटर खाली. मी लगेच हो म्हटलं. माझं काम दुसऱ्यांदासुद्धा दारात येत नसे, तिसऱ्यांदा कुठून येणार?

आणि दसरा झाल्यावर आठवड्यातच तो स्टार्टर आला.

घेऊन आलेला मुलगा कर्वेनगरचा, सॉफ्टवेअर कंपनीतला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. त्याच्या वडिलांकडे जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती, दोन माणसांची, कापडी छपराची. की फिरवली की नुसतं ‘टक्’ करायची, इंजिन काही फिरत नव्हतं. गॅरेजवाल्यानं दोष स्टार्टरचाच म्हणून तो काढून दिला होता. मी स्टार्टर उघडला, झिजलेले कार्बनचे ब्रश बदलले, साफ करून दिला. चार दिवसांत परत. मग मी पूर्ण वाइंडिंग नव्यानं केलं. टेबलावर पकडीत धरून बॅटरीच्या दोन वायरी लावल्या की असा गरगरायचा की चहाचे ग्लास वाजायचे. दिला. शनिवारी सकाळी पुन्हा दारात हजर, आणि नेमके दीर चहा पीत बसलेले.

“काकू,” मुलगा म्हणाला, “हा स्टार्टर तुमच्याकडे फार खूश असतो. आमच्याकडे आला की रुसतो.”

दिरांनी ग्लास खाली ठेवला. “वहिनी, कितव्यांदा?”

तिसऱ्यांदा. अट मीच मान्य केली होती.

“गाडी इथे आणता येईल?” मी मुलाला विचारलं.

“ढकलत? कर्वेनगरहून?”

“मग उद्या रविवारी मीच येते.” आणि दिरांकडे वळून म्हटलं, “तुम्हीही चला. शटर पाडायचंच असेल तर कारण डोळ्यांनी बघून पाडा.”

दुसऱ्या दिवशी रिक्षात मी, मिस्टर आणि माझ्या मांडीवर तो स्टार्टर. मागून दीर स्कूटरवर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाल गाडी उभी होती, इतकी बुटकी की तिच्याशी बोलायला वाकावं लागावं. मुलाचे वडील पिंपरीकडच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, हातात पिवळं फडकं. त्यांनी आधी मिस्टरांकडे पाहिलं, मग दिरांकडे.

“या. मिस्त्री कोण आपल्यातले?”

“मी.”

“अच्छा,” ते म्हणाले. त्या एका ‘अच्छा’त जे काही होतं ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. “बघा वहिनी, बॅटरी नवी टाकली, स्विच नवा, सगळं नवं. आता जुनं राहिलंय ते मी आणि गाडी. आणि शंका आहे ती फक्त आपल्या वाइंडिंगची.”

मी पदर खोचला आणि स्टार्टर जागेवर बसवला. मुलाला की फिरवायला लावली. टक्. बस.

मिस्टरांची तपासायची एक पद्धत होती. मीटर-बिटर काही नाही; एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. एक वायर मी स्टार्टरला करंट येतो त्या बोल्टला लावली, दुसरी गाडीच्या पत्र्याला. “फिरव.” टक् झालं आणि बल्ब लख्ख पेटला.

मागून दीर वाकून बघत होते. “म्हणजे करंट दारापर्यंत येतोय,” ते म्हणाले. “तरी स्टार्टर उठत नाही. झालं की मग वहिनी. आणखी काय बघायचं?”

त्या गॅरेजवाल्यानंही हेच पाहिलं असणार आणि याच बल्बवर विश्वास ठेवून स्टार्टर माझ्याकडे धाडला असणार. मिस्टर वॉचमनच्या खुर्चीवरून माझ्याकडे बघत होते. मला डोळे वर करवेनात. वेळ काढायला म्हणून मी मुलाला म्हटलं, “चोक ओढून एकदा फिरव.”

“चोक नको काकू, चटका बसतो.”

“कसला चटका?”

“त्याची मूठ तापते. जुनी गाडी, इंजिनजवळ आहे ना.”

“अरे, इंजिन दसऱ्यापासून चालूच नाही. मग तापतं कशानं?”

मी आत वाकले, त्याला दोन-चारदा की फिरवायला लावली आणि चोकच्या मुठीला हात लावला. अगदी पोळ्या करताना सांडशी तापते तशी!

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. वीज बॅटरीतून स्टार्टरपर्यंत जाते, पण तेवढ्यानं काम होत नाही. तिला इंजिनच्या लोखंडातून, गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीकडे यावं लागतं. ती परतीची वाट मोठी हवी, म्हणून इंजिन आणि पत्रा यांच्यात तांब्याची जाड विणलेली पट्टी असते, वेणीसारखी. ती वाटच बंद असेल तर बिचारी वीज मिळेल त्या फटीतून परतते. इथं ती चोकच्या मुठीपासून इंजिनपर्यंत गेलेल्या बारीक तारेतून परतत होती. तार तापत होती आणि स्टार्टरला जोर मिळत नव्हता. माझ्या टेबलावर परतीची वायर मीच लावत होते, तेव्हा तो फिरणारच. चूक माझीही होती म्हणायची. दोनदा मी स्टार्टर तपासला, गाडी एकदाही विचारली नाही.

पिशवीतून जाड वायर काढली. एक चिमटा इंजिनच्या उघड्या लोखंडाला, दुसरा बॅटरीच्या परतीच्या टोकाला.

“फिरव.”

इंजिन घुमलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा असं धडधडलं की वरच्या गॅलरीतून दोन बायका वाकल्या. मिस्टरांनी डावा हात खुर्चीवर आपटला. “हं! हं!”

मी गाडी बंद करायला लावली आणि वाकून ती वेणी शोधली. सापडली. चंदेरी, चकचकीत, वर हळदीकुंकवाची बोटं.

“काका, हा रंग कुणी दिला?”

काकांच्या हातातलं फडकं थांबलं. “मीच. खंडेनवमीला. कारखान्यात पूजेआधी मशीन रंगवायचो आम्ही. सवयच ती.”

“आणि ही पट्टी?”

“ती काढली, खालचा भाग रंगवला, वाळल्यावर परत बसवली आणि वरून पुन्हा रंग दिला.”

“किती हात?”

“दोन,” ते म्हणाले. मग फडक्याची घडी घालत, “खालून दोन. वरून दोन.”

“बाबा!” मुलगा ओरडला.

“ओरडतोस काय? करायचं ते नीट करायचं!”

“फारच नीट केलंत,” मी म्हटलं. आमच्याकडे खंडेनवमी नसते. दसऱ्याला आम्ही विहारात जातो आणि हत्यारं रोजच पुसतो. पण त्यांचा जीव त्या गाडीत किती आहे ते त्या रंगावरून कळत होतं, त्यामुळे जास्त बोलवेना. मी पॉलिश पेपर घेऊन पट्टीची टोकं आणि खालचा पत्रा घासला, लोखंड उघडं पडेपर्यंत, आणि बोल्ट आवळले. “पुढच्या वर्षी हवा तेवढा रंग द्या काका. एवढी रुपयाएवढी जागा मात्र उघडी सोडा, रंगातून वीज जात नाही.”

जादा वायर काढून की फिरवली. लागली. एका झटक्यात.

काकांनी दिरांकडे वळून विचारलं, “आणि आपण कोण? मगाशी विचारायचं राहिलं.”

“मी... वहिनींबरोबर आलोय,” दीर म्हणाले.

मुलाला गाडी लांबवर नेऊन बघायची होती. मी मिस्टरांना म्हटलं, तुम्ही बसा, दुकानापर्यंत जा. “नाही,” ते म्हणाले, आणि डाव्या हातानं माझ्याकडे बोट केलं. दोन शब्दांच्या माणसाशी वाद कसा घालणार? मी बसले. रस्ता असा बुडाखालून जात होता आणि सिग्नलला बसवाले खिडकीतून खाली माझ्याकडे बघत होते. मी पदर सावरला आणि सरळ समोर बघितलं.

दुकानासमोर थांबलो तोवर रिक्षातून मिस्टर आणि मागून दीर येऊन पोचले. इंजिन चांगलं तापलं होतं.

“बंद कर,” मी मुलाला म्हटलं. “आता लाव.”

लागली.

“बंद कर. लाव.”

लागली. आजूबाजूचे दुकानदार बाहेर आले. पाचव्या-सहाव्या खेपेला दीर हात जोडून म्हणाले, “वहिनी, कळलं. दुकान तुमचं.”

“हो,” मी म्हटलं. “बाळा, अजून एकदा.”